मिरचीकडचा बांध

आमच्या घरामागचं परस मी भांडून मिळवलेलं आहे. ते वाटणीत आलेलं नाही आणि कुणी कौतुकानं माझ्या हातात ठेवलेलंही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आता येणारे पाहुणे दोडक्याच्या मांडवाखाली उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, तुम्हाला बागकामाची आवड दिसते. आवड कसली, हट्ट होता. आवड नंतर लागली.

मी लग्न होऊन हिंजवडीजवळच्या जांब्याला आले ती अठ्ठ्याण्णव साली. माझं माहेर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं पाऊस एकदा लागला की कपडे चुलीवर वाळवायचे. तिकडे शेत बाप्यांचं आणि परस बायांचं, अशी सरळ वाटणी होती. भाताच्या खाचरात काय करायचं ते वडील ठरवायचे. घरामागच्या वांग्या-मिरच्यांत मात्र त्यांनी पाय घालायचा नाही. सासरीही तसंच होतं. पुढे आंबेमोहोराची खाचरं, मागे आत्यांचं परस. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.

मग कंपन्या आल्या आणि खाचरं गेली. सगळ्या गावाची गेली, आमचीही गेली, त्यावर मी जास्त बोलत नाही. रस्त्याच्या अंगाला खोल्यांची एक ओळ उभी राहिली, तिच्यात भाडेकरू आले. आमचे हे हिंजवडीत कंपनीची बस चालवायला लागले. मामा मात्र रोज पहाटे उठायचे, वहाणा पायात घालायचे, दारापर्यंत जायचे आणि आता कुठे जायचं नाही हे आठवलं की ओट्यावरच्या खुर्चीत बसायचे. मला त्यांच्याकडे बघून गलबलून यायचं. रागही यायचा, कारण बसल्या बसल्या दिवसभर चहा मागायचे.

आत्यांचे गुडघे दुखायला लागले तसं परसही पडलं. कडेचा शेवगा आणि मोरीपाशी माजलेलं अळू एवढंच तग धरून होतं. बाकी जागेवर खोल्या बांधताना उरलेल्या विटांचा आणि खडीचा ढीग. भाजी हिंजवडीच्या चौकातून प्लास्टिकच्या पिशवीत यायला लागली. ज्या घरातून शेजारीपाजारी काकड्या वाटल्या जायच्या, त्या घरात मी मलूल भेंडी निवडत बसले होते. मला त्या भेंडीची लाज वाटली. तुम्हाला हसू येईल, पण खरंच वाटली.

अशात धाकट्या दिराने, म्हणजे भाऊजींनी, जेवताना विषय काढला की मागच्या जागेत खोल्यांची दुसरी ओळ घालू. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. लग्नाचं वय झालेलं, स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. यांनी मान डोलावली. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, मागे खोल्या बांधायच्या नाहीत, मी परस करणार आहे.

भाऊजींना वाटलं मी थट्टा करते. मामा भाकरी कुस्करत होते. मग म्हणाले, "परस करनार म्हंजी? चार भेंड्या लावनार?"

"घराला बाजारातनं भाजी आनावी लागनार न्हाई, येवढं करीन," मी म्हटलं. ते तोंडातून गेलं खरं, पण गेल्यावर परत घ्यायचा माझा स्वभाव नाही.

"मंग करून दाव," मामा म्हणाले. "आखितीपासनं आखितीपतूर. वरीसभर बाजारची भाजी या घरात शिजायची न्हाई. येकदा जरी शिजली, तर मागं खोल्या."

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे वेलांच्या बिया त्याच दिवशी लावतात, म्हणून मामांनी तो दिवस धरला असावा. पुढे थोडी घासाघीस झाली. कांदा, बटाटा आणि लसूण यांना मी सोडवून घेतलं, कडधान्यंही सोडवली. आत्यांनी लिंबूही सोडवायला सांगितलं, पण मामा म्हणाले लिंबाचं झाड लाव. झालं, ठरलं. रात्री यांनी मला विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का. मी म्हटलं, सकाळी कामाला जायच्या आधी विटा उचलायला या, मग ठिकाणावर येईल.

विटा आणि खडी काढली तेव्हा खालची माती दगडासारखी बसलेली होती. ती खणून, भिजवून, परत खणून मोकळी केली. आखितीला आळी करून दोडका, घोसाळं, कारलं, काकडी आणि भोपळा लावला. मिरची-वांग्याच्या रोपांसाठी मी राब भाजायचं ठरवलं. भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे जमिनीवर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरतात, वर मातीचा थर देतात आणि ते सगळं मंद भाजतात. त्यात तण मरतं आणि रोप जोमाने येतं. तोच राब मी लहानसा, परसाच्या कोपऱ्यात लावला. घरी एक म्हैस उरली होती, शेण होतं. फक्त एक लक्षात राहिलं नाही की आता आजूबाजूला खोल्या आहेत. धूर सरळ भाडेकरूंच्या दोरीवरच्या कपड्यांत गेला. परसाला लागून असलेल्या शेवटच्या खोलीतली मराठवाड्याची ताई, नवरा कंपनीत कामाला आणि ही दिवसभर एकटी, तणतणत आली. तिच्या नवऱ्याचे ऑफिसचे पांढरे शर्ट होते. ते शर्ट मी धुऊन दिले. धुता धुता तिने विचारलं, हे सगळं कशासाठी चाललंय. मी सगळी शर्त सांगितली. तेव्हापासून ती माझ्या बाजूची झाली.

वेल वर चढेपर्यंत घरादाराने हाल काढले. पिठलं, आमटी, उसळ, शेवग्याचा पाला, पुन्हा पिठलं. माठ आणि चवळीचा पाला तेवढा लवकर आला. भाऊजी ताटावर बसताना रोज विचारायचे, वहिनी, आज काय, पाला का पाचोळा? मी वाढत राहायची. एक दिवस ते चौकातून चांगला गुबगुबीत फ्लॉवर घेऊन आले आणि म्हणाले, मी आणलाय, तुम्ही कुठे आणलाय. मी तो हातात घेतला, छान आहे म्हटलं आणि मागे जाऊन म्हशीपुढे टाकला. तिने देठासकट खाल्ला. घरात शिजला नाही, म्हणजे शर्त मोडली नाही. मामा खुर्चीतून हे बघत होते. त्यांनी चहा मागितला नाही, एवढंच मला आठवतं.

राबातली रोपं मी जूनच्या सुरुवातीला वाफ्यांत लावली. आईच्या परसात वाफे नेहमी उंच असायचे, दोन वाफ्यांच्या मधून पाणी उताराला लागायचं. तसेच केले. रोपांनी माना वर काढल्या होत्या. आणि एक दिवस दूध घालून घरी आले तर मागे मामा गुडघ्यापर्यंत चिखलात उभे.

खाचरं गेल्यापासून त्यांनी मातीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या सगळ्या परसाला चारी बाजूंनी बांध घातले होते. मधे आडवे-उभे आणखी बांध. इतके सरळ, इतके एकसारखे, चापून बसवलेले, की बघत राहावं. भाताचे बांध होते ते. आयुष्यभर हात जे करत आला तेच हाताने केलं होतं. अंग घामाने निथळत होतं आणि चेहरा असा उजळला होता की मला रडू आलं.

"आता बग," ते म्हणाले, "येक थेंब भायेर जायाचा न्हाई."

मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. भाताला पाणी उभं लागतं आणि मिरचीला उभं पाणी म्हणजे मरण. मी हळू आवाजात सांगून पाहिलं की वांगी-मिरची ओल मागते, पाणी मागत नाही. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. त्यांच्या दृष्टीने पाणी सोडून देणं म्हणजे घरातलं धान्य ओढ्यात ओतणं. आत्या आतून म्हणाल्या की राहू दे, कधी नाही ते उठलेत.

पाऊस लागला आणि थांबेना. परसात तळी साचली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिरचीची पानं पिवळी पडून लोंबायला लागली, वांगी माना टाकायला लागली. मी मामांना बांध फोडायला सांगितलं. ते म्हणाले, "बांद फोडायचा नसतो." मी पुन्हा सांगितलं. ते नाही म्हणाले. मग मी डोक्यावर इरलं घेतलं, कुदळ घेतली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक बांध फोडला. पाणी धो धो करत उताराला गेलं. त्यांनी चापून बसवलेली माती काही केल्या सुटत नव्हती, मला दोन्ही हातांनी घाव घालावे लागले. मामा मागच्या दारात उभे होते. शेतकऱ्याच्या समोर त्याचा बांध फोडायचा म्हणजे काय ते मी शेतकऱ्याची लेक आहे, मला कळतं. पण त्या घटकेला मला मिरची वाचवायची होती.

मामा आत गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी परसात पाऊल टाकलं नाही. माझ्याशी बोलायचे ते आत्यांच्या तोंडून. चहा हवा असेल तरी आत्यांना सांगायचे, "तिला म्हनावं चा ठिव."

निम्मी मिरची गेली. राबात ठेवलेली जादा रोपं होती, ती परत लावली. पावसाच्या भरात अळू माजलं, घोसाळी मांडवाखाली लोंबायला लागली. दोडके इतके झाले की यांनी बसमध्ये नेऊन वाटले. आणि मग भाद्रपदात एक गंमत झाली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हातच्या कष्टाचंच खायचं, असं आमच्याकडे बाया पाळतात. पूर्वी प्रत्येकीचं परस होतं, म्हणून अडत नव्हतं. आता सगळ्यांच्या परसात खोल्या. ज्या बाया मला वेडी म्हणाल्या होत्या त्याच आदल्या दिवशी टोपल्या घेऊन मागच्या दारात हजर. माझ्या परसात कुदळीशिवाय काही लागलेलं नव्हतं. मी सगळ्यांना अळू, भोपळा, दोडका, माठ काढून दिलं. थोडं तोऱ्यात दिलं, खोटं कशाला बोलू. मामा खुर्चीतून त्या बायांची ये-जा मोजल्यासारखी बघत होते.

हिवाळा सोपा गेला. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी. कुंपणाला पावटा असा लगडला की ताईने खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढून शेंगा तोडाव्यात. तिने मराठवाड्यातून आणलेलं अंबाडीचं बी पावसाळ्यातच लावून झालं होतं, तिची भाजी भाऊजींनी दोनदा मागून घेतली. पण मला उन्हाळ्याची भीती होती. म्हणून ताजा पावटा हात आखडून वाढला, कुणाला फार खाऊ दिला नाही. वाळवून डबे भरले. गवार वाळवली, मेथी वाळवली. हे म्हणाले, तू दुष्काळाची तयारी करतेस. मी म्हटलं, तुमच्या वडिलांची करते.

आणि उन्हाळ्यात पाणी गेलंच. बोअर खोल्यांना पुरेना, टँकर आला, आणि घरात ठरलं की परसाला थेंब मिळणार नाही. मी दोन दिवस नुसती करपणारे वाफे बघत बसले. मग लक्षात आलं की भाडेकरू कपडे धुतात ते पाणी रोज गटारात जातंय. धुण्याच्या दगडापासून परसापर्यंत मी चर खणला. वर तोंडाशी पाणी गाळायला खडी आणि वाळू घातली, ज्या खडीच्या ढिगावर मी वर्षभर चरफडले होते तीच. साबणाचं पाणी मेथीला चालत नाही, पण शेवगा, अळू, भोपळ्याचे वेल यांनी ते मुकाट घेतलं. ताईने खोल्याखोल्यांतून सांगून ठेवलं की धुणं सकाळी लवकर करा, ऊन चढायच्या आत. खोल्यांशी मी भांडत होते आणि शेवटी खोल्यांनीच मला पाणी दिलं.

आखिती आठवड्यावर आली असताना भाऊजींना बघायला मुलीकडची माणसं येणार, असा निरोप आला. तो वार सोमवार, म्हणजे मटणाची सोय नाही. परसात तेव्हा शेवग्याच्या शेंगा आणि अळू सोडून काही नव्हतं. यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पुरे, भावाच्या लग्नाचा प्रश्न आहे, मी चौकातून भाजी घेऊन येतो. माझ्या हट्टापायी त्यांचं लग्न अडलं असतं तर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी हरायला आले होते. तेव्हा आत्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "पिशवी ठिव खाली. माझ्या लग्नात पावट्याची आमटी व्हती. पावनं जेवून गेलं, मेलं न्हाई कुनी."

वाळलेला पावटा आदल्या दिवशी भिजत घातला. त्याची खोबऱ्याचं वाटण लावून आमटी, शेंगांचं कालवण, अळूच्या वड्या, वर तांदळाची खीर. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आमटी दुसऱ्यांदा घेतली आणि विचारलं, हा पावटा कुठला, असा आता मिळत नाही. मी आत दाराआड उभी होते.

"आमच्या परसातला हाय," मामा म्हणाले. "सुनंनं केलाय."

वर्षभरात त्यांनी माझं नाव असं पाहुण्यांत पहिल्यांदा काढलं. मी तोंडाला पदर लावला आणि वड्या तळायला वळले. भाऊजींचं लग्न तिथेच जमलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी पावट्याचं बी पुडीत बांधून दिलं.

आखितीच्या दिवशी भाऊजींनी जेवताना खोल्यांचं काय ते विचारलं. मामा म्हणाले, "हायेत त्याच खोल्यांवर मजला चढवा." त्यावर चर्चा झाली नाही. मी हात धुऊन मागे गेले आणि वेलांच्या बिया काढल्या. थोड्या वेळाने पाहिलं तर मामा मागच्या दाराशी उभे. आत येत नव्हते. वहाणा हातात होत्या.

"पोरी," ते म्हणाले. बांध फोडल्यापासून पहिल्यांदाच थेट माझ्याशी. "त्यो खालचा तुकडा हाय न्हवं, अळवाच्या पल्याडचा. पानी ऱ्हातंय तितं. त्याचं येक खाचर केलं असतं. मूठभर आंबेमोहोर. देशील का?"

जांब्यात ज्याच्या नावावर एवढी खाचरं होती, तो माणूस सुनेकडे घोंगडीएवढा तुकडा मागत होता. मी म्हटलं, "मला काय विचारताय? जागा तुमचीच हाय."

"जागा माजी आसंल," ते म्हणाले. "परस तुजं हाय."

मी तुकडा दिला, पण मुकाट्याने देईन तर मी कसली. म्हटलं, बांध मिरचीच्या अंगाला सरकवायचा नाही. ते हसले आणि आत पाऊल टाकलं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात आमचं भांडण ठरलेलं. ते लावणीआधी बांध घालायचे आणि बांध वीतभर मिरचीत आलेला असायचा. मी म्हणायची, मामा, बांध सरकलाय. ते कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "कुटं सरकलाय? हाय तितंच हाय." दुसऱ्या दिवशी मी कुदळीने तो मागे सारायची. त्या तुकड्यात एका सणाच्या भातापुरते तांदूळ व्हायचे. शिजायला लागले की वास ताईच्या खोलीपर्यंत जायचा, आणि मामा त्या दिवशी ताटावर सगळ्यांत आधी येऊन बसायचे.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यापर्यंत मामांना धाप लागायला लागली होती. डॉक्टरांनी चिखलात उतरायला बंदी केली. यांनी खाचराची चिखलणी करून दिली, रोपं मी आणि जावेने लावली. मामांची खुर्ची आम्ही ओट्यावरून उचलून मागच्या दारात ठेवली. ते नुसते बघत होते. मला लावणी करताना सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कंबर सरळ करून पाहिलं तेव्हा कळलं, बांध जिथल्या तिथे होता. सात पावसाळ्यांत पहिल्यांदा. मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेतली. कडेची मिरचीची एक अख्खी ओळ उपटून दुसरीकडे लावली आणि बांध वीतभर माझ्या बाजूला आत घेतला. माती चापून बसवली, त्यांनी बसवली असती तशी. मोकळ्या झालेल्या पट्टीत भाताची रोपं लावली. हात धुवायला वळले तर मामा खुर्चीत जागे होते. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"पोरी," ते म्हणाले, "बांद सरकलाय."

मी कमरेवर हात ठेवले.

"कुटं सरकलाय? हाय तितंच हाय."